बाईंच्या नावाचं पाचवं वर्ष

"आता जागा एकच उरली आहे आणि नावं दोन आहेत," चेअरमन डॉ. रघुनाथन म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जेवणाआधी हे संपवून टाकू."

१९९४ चा ऑगस्ट होता. दिल्लीत अकादमीच्या दुसऱ्या मजल्यावर, लांब टेबलाभोवती आम्ही सात जण बसलो होतो. अकादमीचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते सांगायची गरज नाही. देशातल्या शास्त्रज्ञांना तिचं सदस्यत्व मिळालं की नावापुढे चार अक्षरं लागतात आणि माणूस उरलेलं आयुष्य त्या चार अक्षरांसकट सही करतो. मी दोन वर्षांपूर्वी तशी सही करायला लागलो होतो. निवड समितीवर माझं ते पहिलंच वर्ष होतं आणि सातांत मीच सगळ्यात लहान होतो, चाळीस वर्षांचा.

तिथं कुणाला स्वतःचं नाव देता येत नसे. जुन्या सदस्यांपैकी एकानं सूचक व्हायचं, तिघांनी अनुमोदन द्यायचं, मग ते नाव फाइलमध्ये पाच वर्षं जिवंत राहायचं. वनस्पती आणि कीटक हा आमचा विभाग. वर्षाला पाच जागा, नावं चाळीसच्या आसपास. पाच वर्षांत निवड झाली नाही तर नाव गळायचं. गळलेल्याला कुणी कळवत नसे. नवी यादी छापून आली की त्यात आपण नाही, एवढं त्याचं त्यानं बघायचं.

त्या सकाळी चार जागा भरल्या होत्या. पाचवीसाठी उरलेली दोन नावं म्हणजे उसावर काम करणारे उत्तरेकडचे डॉ. बेदी आणि बार्शीच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. वत्सला उंबरजे. बाईंचं ते पाचवं वर्ष होतं. त्यांचे सूचक, बंगळूरचे एक वृद्ध शास्त्रज्ञ, आदल्या वर्षी वारले होते.

उंबरजे बाई माझ्या शिक्षिका. मी बार्शीत त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. केलं होतं.

"मी सूचक असतो तर मला बाहेर जावं लागलं असतं," मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. "विद्यार्थ्यानं बाहेर जायचं का?"

"तसा नियम नाही," रघुनाथन म्हणाले. "बसा. उलट तुमचा उपयोगच होईल."

पहिल्यांदा डॉ. चड्ढा बोलले. ते बेदींच्या बाजूचे होते आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. त्यांनी बाईंची फाइल पुढे ओढली.

"बार्शी," ते म्हणाले. "हे कुठं आलं?"

"सोलापूर जिल्ह्यात," मी म्हणालो.

"विद्यापीठ आहे तिथं?"

"कॉलेज आहे."

"अच्छा." त्यांनी पान उलटलं. "सव्वीस शोधनिबंध. त्यातले वीस आपल्याकडच्या मासिकांत. प्रयोगशाळा म्हणून एक खोली. परदेशी एकदाही नाही. पीएच.डी.चा एकही विद्यार्थी नाही. बाई चांगल्या असतील, शिकवतही छान असतील. पण आपण आदर्श शिक्षिका पुरस्कार देतोय का?"

दोघे-तिघे हसले. मीही थोडा हसलो. टेबलावर सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर बसणं मला जमत नसे.

"उरलेले सहा वाचलेत का तुम्ही?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून डॉ. लाहिरी म्हणाले.

शोभन लाहिरी कलकत्त्याचे. सत्तरीला टेकलेले, किरकोळ अंगाचे. खोलीतल्या गारव्यामुळे ऑगस्टातही स्वेटर घालून बसलेले. ते फार बोलत नसत, त्यामुळे बोलले की सगळे ऐकायचे.

"मी वाचलेत," ते म्हणाले. "आणि वाचून मला एक प्रश्न पडलाय. तुरीच्या पानाला अळी लागली की ते झाड एक वास सोडतं. त्या वासावर एक बारीक गांधीलमाशी येते आणि अळीच्या अंगात अंडी घालून तिला संपवते. झाड जणू माशीला हाक मारतं. हे काम इथं बसलेल्या या सातपुत्यांच्या नावावर आहे. त्याच कामासाठी दोन वर्षांपूर्वी आपण त्यांना इथं घेतलं. बरोबर?"

"बरोबर," रघुनाथन म्हणाले.

"उंबरजेंचे आधीचे निबंध वाचले की वाटतं, याचं मूळ बार्शीत आहे. मी आरोप करत नाही. फक्त विचारतो. मूळ तिथं असेल तर या जागेसाठी दुसरं नाव बघायचं कारणच नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं, पण रघुनाथन यांनी हात वर केला.

"याचं उत्तर आपल्याकडे आहे," ते म्हणाले. त्यांनी सहायक सचिवांना खूण केली. ते शेजारच्या खोलीत गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले. फाइलीवर माझं नाव होतं.

"डॉ. सातपुते, हे तुम्हाला कधी दाखवलेलं नाही, त्याबद्दल माफ करा. दोन वर्षांपूर्वी तुमचं नाव आमच्यापुढे होतं, तेव्हा एक निनावी पत्र आलं. तुमचं मुख्य काम दुसऱ्या कुणाचं आहे, असं त्यात होतं. निनावी पत्रं आम्ही फाडून टाकतो. पण यात उंबरजेंचं नाव होतं, म्हणून मी त्यांना खाजगीत लिहून विचारलं. त्यांनी उलट टपाली उत्तर दिलं."

त्यांनी पत्र काढलं. कॉलेजचं नाव छापलेला कागद, टाइप केलेला. खालची सही मी टेबलापलीकडूनही ओळखली. त्या सहीखाली माझ्या कॉलेजातल्या कितीतरी प्रॅक्टिकल जर्नल्समध्ये "पाहिले" असं लिहिलेलं होतं.

रघुनाथन यांनी ते सावकाश वाचलं. "आपण विचारलेल्या कामातली कल्पना सर्वस्वी डॉ. मुकुंद सातपुते यांची आहे. मी त्यांना अळ्या आणि रोपं पुरवली. याहून अधिक माझा वाटा नाही. त्यांची निवड झाली तर आमच्या कॉलेजला अतिशय आनंद होईल."

"झालं," चड्ढा म्हणाले. "बाईच सांगतायत."

"झालं नाही," लाहिरी म्हणाले. "शिक्षक विद्यार्थ्यासाठी असं लिहितात. मायेनं लिहितात. ते खरं आहे की नाही हे सांगू शकणारा एकच माणूस इथं बसलाय."

रघुनाथन यांनी पत्राची घडी घातली आणि चष्मा काढला.

"लाहिरींचं म्हणणं योग्य आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पत्र खरं नसेल तर ही जागा डॉ. उंबरजेंची. आणि मग अर्थातच, दोन वर्षांपूर्वीच्या निवडीचाही..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पुढचं सगळ्यांना कळलं होतं.

"एका शब्दात सांगा, डॉ. सातपुते," लाहिरी म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "हे पत्र खरं आहे?"

मी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"हो," मी म्हणालो. "बाईंनी लिहिलंय ते खरं आहे."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "त्या फार प्रामाणिक आहेत."

लाहिरींनी समोरची फाइल मिटली. मग मतं घेतली. तिथं मत हात वर करून द्यायचं असे. बेदींच्या नावाला चार हात वर झाले. बाईंच्या नावाला तीन. त्यातला एक हात लाहिरींचा होता आणि एक माझा. मी तो सगळ्यांच्या आधी आणि उंच वर केला होता. लाहिरी माझ्या हाताकडे बघत राहिले, तो मी खाली घेईपर्यंत.

जेवणाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात सूपचा वाडगा होता.

"तुम्ही हात वर केलात," ते म्हणाले.

"माझ्या गुरू आहेत त्या."

"हो. तसं दिसलं." त्यांनी चमचा वाडग्यात फिरवला आणि सूप न पिताच तो टेबलावर ठेवून ते निघून गेले.

---

डिसेंबरात बार्शीहून पत्र आलं. जानेवारीच्या एकतीस तारखेला उंबरजे बाई निवृत्त होत होत्या. कॉलेजनं सत्कार ठेवला होता आणि प्रमुख पाहुणा म्हणून माजी विद्यार्थी आणि अकादमीचे सदस्य डॉ. सातपुते यांनी यावं, अशी प्राचार्यांची विनंती होती. खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती. "मुकुंदा, दुपारी जेवायला घरी ये."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. अकादमीची यादी ऑक्टोबरात छापून आली होती. तिच्यात आपलं नाव नाही हे बाईंनी पाहिलं असणारच. पण त्या वर्षी किती नावं होती, कुणी काय म्हटलं, हे बाहेर कुणाला कळत नाही. आम्ही सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केलेल्या असत. मी तोच आधार धरून बसलो होतो.

बाईंचं घर बाजारापासून आत, दोन खोल्यांचं. लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर राहत, ती मागच्याच वर्षी गेली होती. मी पोचलो तेव्हा त्या तापलेल्या तव्यावरून भाकरी काढत होत्या. नवी इरकली नेसल्या होत्या आणि पदर कमरेला खोचला होता.

"बस की," त्या म्हणाल्या. "हात धुऊन बस. गाडीत काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही बाई."

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पातळ पिठलं आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. त्या समोर पाटावर बसल्या. स्वतःचं ताट घेतलं नव्हतं. मी शेंगा सोलून खाऊ लागलो. त्यांनी माझ्या पुण्यातल्या नोकरीचं विचारलं, माझ्या बायकोचं विचारलं, मुलगी कितवीत आहे ते विचारलं. मग विचारलं, "यादी बघितली मी. माझं काय झालं रे तिथं?"

मी तयारी करून आलो होतो.

"एकच जागा उरली होती बाई. समोर बेदी होते, त्यांच्या मागे उत्तरेकडचे सगळे. तुमचं काम एका भागापुरतं आहे असं काही जण म्हणाले. मी मत तुम्हालाच दिलं."

"ते असू दे. तुरीचं निघालं का?"

"नाही."

"तुला काही विचारलं?"

"कुणी विचारलंच नाही बाई," मी म्हणालो. "विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी मूठभर शेंगा घातल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. ते त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत आहे. तुला सोपं जाईल."

पाकिटावर कलकत्त्याचा शिक्का होता. आतल्या कागदावरची तारीख ऑगस्टातली, त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची.

लाहिरींचं पत्र लहान होतं. एप्रिलमध्ये तुम्ही तुमच्या १९७७ सालच्या वहीच्या प्रती मला पाठवल्यात, असं त्यांनी लिहिलं होतं. डॉ. सातपुते स्वतः बोलल्याशिवाय त्या टेबलावर ठेवायच्या नाहीत, अशी अट घातलीत. मी शब्द पाळला आणि काल मला त्याची लाज वाटली. प्रती माझ्या बॅगेत होत्या. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, तुमचं जुनं पत्र खरं आहे. तुम्ही अजूनही होकार दिलात तर मी या प्रती अध्यक्षांकडे पाठवतो.

माझ्या हाताला चटणीचं तेल लागलं होतं. कागदाच्या कोपऱ्यावर त्याचा डाग पडला.

"जेव," बाई म्हणाल्या. "गार होतंय."

आता सांगायला हवं ते सांगतो. १९७७ साली मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाई रोज सकाळी कॉलेजच्या आधी तुरीच्या रानात जायच्या आणि जाळी धरायला मला न्यायच्या. अळी लागलेल्या झाडावर गांधीलमाशी येते हे शेतकऱ्यालाही दिसतं. ती का येते, हे बाईंना कळून घ्यायचं होतं. त्यांनी एका ओळीतल्या झाडांची पानं टाचणीनं टोचली. माशा आल्या नाहीत. दुसऱ्या ओळीतली पानं टोचून त्यावर अळीच्या तोंडातली लाळ लावली. दुसऱ्या दिवशी माशा त्या ओळीवर आल्या, पहिलीवर नाहीत. मी जाळी धरून उभा होतो आणि बाई वहीत लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, "अळी चावली हे झाडाला लाळेवरनं कळतं बघ मुकुंदा. आणि मग ते बोलावतं."

मी पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत लागलो. तिथं वास वेगळे करून मोजणारं यंत्र होतं, बार्शीत नव्हतं. मी बाईंकडून ती वही दोन दिवसांसाठी मागून नेली. सहा वर्षांनी निबंध परदेशात छापून आला, माझ्या एकट्याच्या नावानं. शेवटी आभाराची एक ओळ होती. "अळ्या आणि रोपं पुरवल्याबद्दल प्रा. उंबरजे यांचे आभार." वही मी पोस्टानं परत केली होती. सोबत निबंधाची प्रतही पाठवली होती. बाईंनी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं होतं.

"मग तसं का लिहून दिलंत अकादमीला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मलाच राग आला होता, हे आज खरं वाटत नाही. "तुम्हीच लिहिलंत कल्पना माझी म्हणून. तुमचं पत्र त्यांच्या हातात होतं. मी तिथं काय म्हणायचं होतं?"

"ते वाक्य माझं नव्हतं," बाई म्हणाल्या. "अळ्या आणि रोपं पुरवली, हे तुझ्या निबंधात होतं. मी नुसतं उतरवून काढलं."

मी हातातली शेंग ताटात ठेवली.

"त्यांनी मला लिहून विचारलं, तेव्हा मी चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं असतं तर तू आत गेला नसतास. आणि मीही गेले नसते. बार्शीचा पत्ता बघून कोण घेतंय? म्हटलं, मुकुंदा तरी आत जाऊ दे. आपल्यातलं कुणीतरी त्या खोलीत बसलेलं असू दे. पुढं माझं नाव निघेल तेव्हा तो म्हणेल की, बाईंनी मला रानात दाखवलं होतं. सगळं नको होतं रे मला. निम्मं दिलं असतंस तरी पुष्कळ होतं."

"मी निम्मं म्हटलं असतं तरी माझं सगळं गेलं असतं, बाई."

"होय," त्या म्हणाल्या. "तेही खरं."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि मग उचलून नेली.

"लाहिरींना काय कळवलंत?" मी शेवटी विचारलं. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्यांनाही कळलं.

"नको म्हणून कळवलं. प्रती परत मागवल्या. घाबरू नकोस." त्यांनी पाकीट उचललं आणि पत्र नीट घडी घालून आत ठेवलं. "मला ते लाहिरींच्या तोंडून नको होतं. आत्ता पण मी तुला विचारलं ते का विचारलं? मला सगळं ठाऊक होतं. वाटलं, इथं कोण आहे, मी आणि तू. इथं तरी खरं बोलशील."

मी उठून हात धुतले. बाईंनी टॉवेल दिला.

"सत्कार पाच वाजता आहे," त्या म्हणाल्या. "मी कुणाला काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. माईक तुझ्या हातात असेल. तुला काय बोलायचं ते तू ठरव."

---

कॉलेजच्या सभागृहात चारशे माणसं होती. मुलं मागं भिंतीला लागून उभी होती. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बाई, उजवीकडे मी, डावीकडे प्राचार्य कोठावळे.

घरून निघताना मी ठरवलं होतं की सांगायचं. नोकरी जाणार नव्हती. अकादमी फार तर चौकशी नेमेल. त्याला वर्ष लागेल. लोक विसरतात. टाचणी आणि लाळ, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरली असती. शब्दही मी जुळवून ठेवले होते.

प्राचार्यांनी माझी ओळख करून दिली. "तुरीचं झाड बोलतं हे ज्यांनी जगाला सांगितलं, ते आपल्या मातीतले शास्त्रज्ञ," असं ते म्हणाले आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मागची मुलं शिट्ट्या मारत होती. बाईही टाळ्या वाजवत होत्या, अगदी शेवटपर्यंत.

मी माईकसमोर उभा राहिलो.

"आज मी जो आहे तो बाईंमुळे आहे," मी म्हणालो. पुन्हा टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत मी थांबलो, आणि थांबलो तिथंच माझं पुढचं वाक्य गेलं. समोर पहिल्या रांगेत बाईंच्या सहकारी शिक्षिका बसल्या होत्या, कौतुकानं माझ्याकडे बघत. एक वार्ताहर वही उघडून बसला होता.

"मी विद्यार्थी होतो तेव्हा," मी म्हणालो, "बाई मला भल्या पहाटे रानात न्यायच्या. साप निघायचे, चिखल असायचा. आणि बाई मला सांगायच्या, मुकुंदा, अळ्या वेच." सगळे हसले. "पुढे मी पुण्याला गेलो. मला एक कल्पना सुचली. पण पुण्यात कुठल्या अळ्या आणि कुठली तूर? मी बाईंना पत्र लिहिलं. बाईंनी एका शब्दानं न विचारता मला अळ्या पाठवल्या, रोपं पाठवली. बाईंनी रोपं पाठवली नसती तर ते झाड कधी बोललंच नसतं."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मला आठवतं, बोलता बोलता थांबून मी बाईंना हात जोडले. वार्ताहरानं तेही लिहून घेतलं. मी वीस मिनिटं बोललो. गुरू कसा असावा यावर बोललो.

मग बाई उत्तर द्यायला उठल्या. त्यांनी माईक थोडा खाली ओढला.

"डॉ. सातपुते काय म्हणाले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं मी शिकवलं. मी काय शिकवलं ते तुमच्यासमोर आहे."

एवढंच म्हणून त्या बसल्या. लोकांना वाटलं बाई गहिवरल्या. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेनं पदरानं डोळे पुसले. प्राचार्यांनी माईक घेतला आणि बाईंच्या विनयाबद्दल दोन मिनिटं बोलले.

फोटोग्राफर पुढे आला. "सर, बाईंच्या पाया पडतानाचा एक घेऊ या," तो म्हणाला. सगळे "हो, हो" म्हणाले. मी खांद्यावरच्या सत्काराच्या शालीसकट वाकलो. बाई खुर्चीत बसलेल्या होत्या. माझे हात त्यांच्या पायांशी पोचले तेव्हा त्यांनी पाय उचलले आणि खुर्चीखाली मागं घेतले. घाईनं नाही. खाली ठेवलेल्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून माणूस घेतो तसे. इरकलीच्या निऱ्या जमिनीला टेकलेल्या होत्या, म्हणून कुणाला दिसलं नाही. माझे दोन्ही हात फरशीवर टेकले. फरशी गार होती. फ्लॅश उडाला.

"आणखी एक," फोटोग्राफर म्हणाला. "सर, तसेच राहा."

मी तसाच राहिलो.

बाई २००३ मध्ये गेल्या. त्यांचं नाव पुन्हा सुचवता आलं असतं. नाव गळल्यावर तीन वर्षांनी तसा नियमच होता आणि सूचक म्हणून माझी सही चालली असती. त्या काळात मी दोनदा समितीवर होतो, नंतर तिचा चेअरमन झालो. मी सही केली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर अकादमीच्या वार्तापत्रात चार ओळी आल्या, त्या मीच लिहून पाठवल्या होत्या.

तो फोटो कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मोठा करून लावला आहे. मागच्या वर्षी तिथल्या एका तरुण प्राध्यापिकेनं मला तो मोबाइलवर पाठवला. "सर, आम्ही दर वर्षी नव्या मुलांना हा फोटो दाखवतो," तिनं खाली लिहिलं होतं. "असा गुरू आणि असा शिष्य."

मी तिला आभाराची ओळ लिहिली. मग फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. निऱ्यांच्या कडेला माझे पंजे दिसतात, फरशीवर पालथे टेकलेले. त्यांच्यापुढं वीतभर रिकामी जागा आहे.